'सिद्ध करा' : करवीरकर विद्यार्थ्यांस काही हितोपदेश

ज्या नगरीने उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी कित्येक दशके मोर्चे काढले, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाल्यावरच जिचा जीव भांड्यात पडला, त्या कोल्हापुरातील दहावीच्या विद्यार्थ्यास कज्जे चालविण्याची रीत निराळी शिकवावी लागू नये. तरीही त्रिकोणमितीच्या प्रश्नात 'सिद्ध करा' हे दोन शब्द दिसताच त्याची बोबडी वळते, ही खेदाची बाब होय. वस्तुतः याहून निर्धोक खटला नाही, कारण निकाल अगोदरच छापून आलेला असतो आणि उमेदवाराने त्यास साजेशी मिसल तेवढी विभागीय मंडळाकडे रुजू करावयाची असते.

टॅन थीटा अधिक कॉट थीटा बरोबर सेक थीटा गुणिले कोसेक थीटा, हे प्रकरण घ्या. अधिक गुंतागुंतीच्या बाजूची, म्हणजे येथे डावीची, जबानी प्रथम घ्यावी. दोन्ही बाजू समान मानूनच प्रारंभ करणे म्हणजे आरोपीने स्वतःच स्वतःला जामीन राहणे. साइन आणि कॉस ही मूळची वतनदार मंडळी, बाकीचे चौघे त्यांचे आश्रित. तेव्हा टॅन व कॉट यांस मूळ धन्यांच्या नावावर चढवून छेद समान करावा, म्हणजे अंशस्थानी साइनवर्ग अधिक कॉसवर्ग प्रकटतो, तो पायथागोरसाच्या पुण्याईने १ होतो, आणि उरलेला १ भागिले साइन-कॉस हाच सेक-कोसेकचा गुणाकार. छेदात १ वजा साइन अडून बसल्यास अंश-छेदांस १ अधिक साइनने गुणावे. छेदात कॉसवर्ग येतो व रस्ता मोकळा होतो.

४५ अंश घालून दोन्हीकडे २ आले, की मागच्या बाकावरून "जुळलं की, भावा!" अशी आरोळी उठते. परंतु एका साक्षीदारावर फैसला होत नाही, आणि काही साक्षीदार तर उघड फितूर असतात: साइन अधिक कॉस बरोबर १ या धादांत खोट्या दाव्यास ० आणि ९० हे दोघेही शपथेवर दुजोरा देतात, आणि ४५ची उलटतपासणी घेतल्यावरच वर्गमूळ २ बाहेर येऊन बिंग फुटते. नित्यसमानता खोडण्यास एक कोन पुरतो. सिद्ध करण्यास हजारही अपुरे.

इतके करूनही गाडे अडलेच, तर कच्च्या कागदावर उजव्या बाजूकडून उलट चालत यावे, आणि जेथे दोन्ही वाटा मिळतील तेथपासून त्या पायऱ्या उलट्या क्रमाने पक्क्या उत्तरात, जणू प्रथमपासून हाच मार्ग सुचला होता अशा निर्विकार मुद्रेने, उतरवाव्यात. हे सर्वस्वी कायदेशीर आहे. दोन वाटा मिळतच नसल्यास मधल्या खिंडारावर 'म्हणजेच' असा शब्द ठळक अक्षरात लिहिण्याची वहिवाट फार जुनी आहे, परंतु तपासनीसही याच वहिवाटीने दहावी उत्तीर्ण झालेला असण्याचा संभव असल्याने त्याची नजर नेमकी तेथेच प्रथम जाते.