यवतमाळचा प्रवासी शिडाच्या होडीवर

यवतमाळ जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. समुद्र मात्र दोन आहेत. नकाशावर पट्टी ठेवली तर पश्चिमेला डहाणू आणि आग्नेयेला मछलीपट्टण, दोन्ही साधारण साडेपाचशे किलोमीटरवर येतात. जिल्ह्यातले पाणी पूर्वेचा समुद्र पसंत करते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि उमरखेडची माती बंगालच्या उपसागरात पोचते. माणसे मात्र मुंबई गाठतात. त्यामुळे जिल्ह्याचे पाणी आणि जिल्ह्याचा माणूस यांची समुद्रावर कधी गाठ पडत नाही.

शिडाच्या होडीतून एक दिवसाची सफर करायची तर गेटवे ते मांडवा हा पल्ला सोयीचा. सरळ रेषेत तो जेमतेम चौदा किलोमीटर आहे. पावसाळ्यात ही वाट बंद असते. यवतमाळकरासाठी योग्य हंगाम म्हणजे कापूस घरी येऊन विकला गेल्यानंतरचा. विकला न गेल्यास सफर पुढच्या वर्षी.

सफरीच्या सैद्धांतिक भागात यवतमाळकर कच्चा नसतो. मुंबईच्या भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडे मागेपुढे होते. ज्याच्या आजोबांनी पाऊणकी तोंडपाठ करून घेतली आणि ज्याच्या घरच्या भिंतीवर पंचांग टांगलेले आहे, त्याला एवढे पुरते. खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरकही त्याने शाळेत पूर्ण गुण मिळवून स्पष्ट केलेला असतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा येतो. रात्री याच्या उलट. पुस्तकात एक गोष्ट राहून गेलेली असते: मतलई वारा निघून गेल्यावर आणि खारा यायच्या आधी मध्ये काही तास कोणीच येत नाही.

हे तास साधारणपणे होडी बंदरापासून दोन किलोमीटर गेल्यावर सुरू होतात. शीड धोतरासारखे लोंबते. प्रवासी विचारतो, ‘‘हे चालते कधी जी?’’ तांडेल म्हणतो, ‘‘वारा आला की.’’ मुंबईचे प्रवासी या ठिकाणी मोबाइल काढून चुळबुळ करतात. यवतमाळचा प्रवासी शांत असतो. मृगापासून आभाळाकडे पाहत बसण्याचा त्याचा सराव असतो. त्या मानाने दोन तास म्हणजे काहीच नाही.

या रिकाम्या वेळात तो शिडाचे कापड चिमटीत धरून पाहतो. धाग्याची लांबी विचारतो. कापड पॉलिएस्टरचे आहे असे कळल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. त्याचे दुःख अगदीच निराधार नाही. 1851 मध्ये ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने इंग्रजांना त्यांच्याच समुद्रात हरवले, तेव्हा इंग्रजांची शिडे जवसवर्गातल्या फ्लॅक्सच्या धाग्याची होती आणि तिची घट्ट विणलेल्या सुताची. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि इंग्रजांना वऱ्हाडाची आठवण झाली. कापसाने समुद्र जिंकून दिला. समुद्राने पॉलिएस्टर घेतले. भावाच्या गोष्टी इथून पुढे मांडव्यापर्यंत चालतात.

वारा आला की शीड भरते, होडी एका अंगाला कलते. बैलगाडी अशी कलली तर खाली उडी मारायची असते. इथे वरच्या बाजूला जाऊन बसायचे असते, कारण तळाला शिशाचे किंवा लोखंडाचे ओझे असते आणि ते होडी उलटू देत नाही. शिडाची दोरी यवतमाळकराला लगेच जमते: ओढ घ्यायची, सैल सोडायची, हातात जोर जाणवत ठेवायचा, हा कासराच आहे. घात करतो तो सुकाणूचा दांडा. कासरा डावीकडे ओढला तर बैल डावीकडे वळतो. दांडा डावीकडे ओढला तर होडी उजवीकडे जाते. हे दुरुस्त करायला प्रवाशाला साधारण मांडवा लागतो.

परतीची वाट वेगळी. दुपारी वारा वायव्येकडून येतो आणि मुंबईही जवळपास त्याच दिशेला असते. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी जात नाही. फार तर पंचेचाळीस अंश बाजूने जाते. म्हणून आधी एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला, असे नागमोडी जावे लागते आणि चौदाचे वीस किलोमीटर होतात. प्रत्येक वळणाला शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे फिरतो. त्या वेळी डोके खाली करणे हा सफरीतला एकमेव सक्तीचा नियम.

बोट लागते ती याच टप्प्यात. कान सांगतात शरीर हलते आहे, डोळे होडीच्या आत पाहून सांगतात सगळे स्थिर आहे. या वादाचा निकाल पोट देते. उपाय म्हणजे दूरच्या क्षितिजाकडे पाहणे आणि सोबत आणलेला ठेचा डब्यातच ठेवणे. पहिला उपाय बहुतेक जण करतात.

गेटवेला उतरल्यावर जमीन काही काळ डुलत राहते. हे डुलणे रात्रीच्या रेल्वेत मिसळून जाते आणि धामणगावपर्यंत दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. तिथून पुढे एसटीत जे होते ते मात्र बोट लागणे नव्हे. ती गाडी लागलेली असते.