खपाचा कारभारी

माणूस डोंबिवलीचा, पण त्याचा जीव अमेरिका, युरोप आणि जपान अशा तीन खात्यांत विभागलेला. कुठला गेमिंग कन्सोल कुठल्या देशात किती खपला, हे त्याला तोंडपाठ. घरी गॅस सिलिंडर कधी आला ते आठवत नाही. पण एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आला आणि प्लेस्टेशन ३ व वी वर्षभराने, हे झोपेतही सांगेल.

त्याचा पक्ष एक्सबॉक्सचा. त्यामुळे जागतिक बेरीज त्याच्यासमोर काढू नये. वी १० कोटींच्या पुढे, सोनीचा प्लेस्टेशन ३ सुमारे ८.७ कोटी आणि मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सांगितलेला एक्सबॉक्सचा आकडा ८.४ कोटी. हे ऐकलं, की पडलेल्या उमेदवारासारखा तो बूथनिहाय आघाडी सांगू लागतो. “अमेरिका बघ. ब्रिटन बघ. दोन्हीकडे सोनी आपल्या मागे!”

“आणि जपान?”

ही त्याची दुखरी नस. तिथे प्लेस्टेशन ३ एक कोटीच्या घरात, एक्सबॉक्स जेमतेम १६ लाख. ‘फायनल फँटसी’चे जनक साकागुची आणि ‘ड्रॅगन बॉल’चे तोरियामा यांना गाठून मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ‘ब्लू ड्रॅगन’ हा गेम आणला, तरी जपानी गिऱ्हाईक बधलं नाही.

“जपान वगळून मोज,” तो शांतपणे म्हणतो. गंमत म्हणजे वजाबाकी बरोबर येते. जपान वगळला, की एक्सबॉक्स सोनीच्या पुढे!

वी त्याच्या मते कन्सोलच नव्हे, खेळणं. ‘वी स्पोर्ट्स’ आठ कोटींच्या वर गेला म्हणावं, तर “खोक्यात फुकट टाकलेला गेम तो!” जपानात तो फुकट नव्हता, लोकांनी वेगळे पैसे मोजून घेतला, असं सांगितलं की म्हणतो, “जपान वगळलाय ना आपण?”

सोनीचा आकडा आला, की तो भिंग काढतो. “हा दुकानात पाठवलेला माल, की गिऱ्हाइकाने घरी नेलेला?” मायक्रोसॉफ्टच्या आकड्याला मात्र भिंग लागत नाही. लाल दिवे पेटून एक्सबॉक्स बंद पडू लागले आणि २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी तीन वर्षांची करून त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च मांडला. त्या भानगडीत एकेका घरात दोन-दोन एक्सबॉक्स गेले असतील का, असं विचारलं तर “जुनं उकरून काढू नकोस.”

शेवटी मी म्हटलं, “भारताचं काय रे?”

“भारत ‘इतर’मध्ये.”

“म्हणजे तुझा एक्सबॉक्सही ‘इतर’मध्येच?”

“छे!” तो ताठ बसला. “माझा मावशीने न्यू जर्सीहून आणलाय. अमेरिकेत धरलाय तो. तिथे आपण पुढे आहोत.”