व्यत्यय : शून्य मिनिटे

भाचा पेडण्याला असतो, सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग शिकतो. म्हणजे मिनिटे लिहितो. उरलेल्या वेळात प्रोग्रॅमही लिहितो.

कॉलेजने दिलेल्या तक्त्यात काम कधी सुरू केले, कधी थांबवले, मधला व्यत्यय, निव्वळ मिनिटे आणि शेरा असे रकाने आहेत. माझा जीव जडला तो व्यत्ययाच्या रकान्यावर. परवाच्या रविवारी भाच्याने सरासरी आणि प्रमाण विचलन काढणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नोंदी अशा : पाव घेऊन पोदेर आला, ३ मिनिटे. वीज गेली, ४० मिनिटे. तुमच्याकडेही गेली का हे विचारायला शेजारी आले, २५ मिनिटे. मामा आले... पुढे आकडा नाही, नुसती रेघ. मला मोजणे त्याने सोडून दिले होते.

चुकांचा तक्ता वेगळा. प्रत्येक प्रकाराला क्रमांक. अर्धविराम राहिला तर २०, भोवतालच्या साधनांनी दगा दिला तर १००. पावसाळ्यात पेडण्यात बसून कोणी शिकत असेल, तर त्याला १००च्या अलीकडचे क्रमांक पाठ करायची गरज नाही.

शिवाय आधी अंदाज लिहायचा, मग प्रत्यक्ष लागलेला वेळ, मग फरक टक्क्यांत. हे पेडणेकरांना काय शिकवता? कोजागिरीच्या पुनवेला भूतनाथ देऊळ मागत रुसून निघतो, लोक ‘बांधतो, बांधतो’ म्हणत त्याची समजूत काढतात आणि पुढच्या पुनवेला पुन्हा तेच. इतक्या वर्षांत त्या देवाने कोणाचे गुण कापल्याचे ऐकिवात नाही.

कॉलेज मात्र कापते. आणि इथे माझे हसू संपते. १९९०च्या दशकात ही पद्धत अमेरिकेत निघाली ती ‘पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस’ या नावाने. पर्सनल! माझा अंदाज किती चुकतो, तीच चूक मी कितींदा करतो, हे माझे मला कळावे म्हणून ठेवलेली रोजवही. आमच्याकडे पर्सनल वस्तू दिसली की भिंतीवर लावतात. वर्गात यादी लागली : तासाला ओळी किती, हजार ओळींमागे चुका किती. त्यावर १० गुण. मग पोरांनी काय केले? तुम्ही-आम्ही केले असते तेच. एका ओळीत मावणारे काम पाच ओळींवर पसरले. त्याने तासाच्या ओळी वाढल्या आणि हजारामागच्या चुकाही आपोआप घटल्या; एकाच पिठात पाणी घालून एक आकडा फुगला नि दुसरा सुकला. एका मुलीने साठ ओळींचा गुंता सोडवून बावीस ओळींवर आणला. ती यादीत शेवटून दुसरी. शेवटचा कोण? ज्याने आपल्या चुका खऱ्या लिहिल्या तो. अहो मास्तर, डॉक्टरकडे ताप मोजायला गेलेल्या पोराला ‘जास्त आला, नापास’ म्हणालात, तर पुढच्या खेपेला ते थर्मामीटर बर्फात बुडवूनच येईल. आणि तुम्ही वर्गाची तब्येत सुधारली म्हणून अहवाल लिहाल. उद्या हीच पोरे नोकरीला लागतील, पूल आणि बँका चालवणारे प्रोग्रॅम लिहितील, आणि चूक सापडली की आधी दार लावून घेतील. चूक सांगितली की गुण जातात, एवढा एकच धडा त्यांना पक्का पाठ झालेला असेल. तो तुम्ही शिकवलात. त्याची मिनिटे कोणत्या रकान्यात?

काल पुन्हा भाच्याकडे गेलो. नवा तक्ता देखणा होता. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत २ टक्क्यांचा फरक. चुका तीन, त्याही गरीब स्वभावाच्या. व्यत्यय : शून्य.

‘‘आठवडाभरात पोदेरसुद्धा आला नाही?’’

‘‘आला ना. पण मामा, व्यत्यय शून्य असला की २ गुण जादा.’’

अख्ख्या आठवड्याच्या नोंदी तो एका बैठकीत भरत होता. मोबाइलच्या उजेडात. वीज गेली होती.