शब्दांच्या पायऱ्या

युरोपच्या कौन्सिलने २००१ साली परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आखून दिल्या. पुढे इंग्रजी शब्दकोशांनी शब्दांच्या कपाळी बुक्क्यासारखे शिक्के लावायला घेतले. ॲपल ए-वन, म्हणजे अगदी बाळबोध. पंढरपूर-सांगोल्याकडे बागा डाळिंबाच्या; पण 'पॉमग्रॅनेट' सुरुवातीच्या यादीत नाही. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी पोरं बिचारी काश्मीरचंच फळ घोकतात.

पंढरपूरच्या दर्शनबारीतल्या आजींची परीक्षा घ्या. 'वेदर' विचारलंत तर नापास. पण सुनेच्या सोनोग्राफीपासून मालकांच्या अँजिओप्लास्टीपर्यंत सगळं त्या न अडखळता सांगतील, वर 'क्रिएटिनीन वाढलंय हो' म्हणून तुम्हालाच समजावतील. त्यांना कुठल्या पायरीवर बसवायचं, ते कौन्सिलने ठरवावं. (नामदेव पायरी सोडून. तिथं कुणी पायही ठेवत नाही.)

उच्चारांसाठी मोबाइलमधल्या शब्दकोशांत दोन बटणं असतात, एक ब्रिटिश, दुसरं अमेरिकन. चौकातला रिक्षावाला 'टेसन, इष्टँड' ओरडतो तो उच्चार दोन्हींत नाही. रिक्षा मात्र भरून जाते.