लॅपटॉपला ग्राफिक कार्ड बाहेरून कसे जोडावे (उमरी व पंचक्रोशीसाठी)

लॅपटॉपमधले ग्राफिक कार्ड सहसा बदलता येत नाही. ते मदरबोर्डवर सोल्डर करून बसवलेले असते, आणि बहुतेक वेळा तर नसतेच. प्रोसेसरच्या पोटात चित्रे काढण्याची थोडीफार सोय केलेली असते आणि तिच्या नावाचे स्टिकर कंपनी बाहेर चिकटवते. अशा वेळी शहाणा माणूस डेस्कटॉप घेतो. ज्याला हे सुचत नाही, किंवा सुचले तरी लॅपटॉप नुकताच घेऊन झाल्यामुळे घरी तोंड उघडायची सोय राहिलेली नाही, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सर्वप्रथम कारण ठरवावे. कार्ड कोणते घ्यायचे हा नंतरचा प्रश्न. ‘गेम’ हा शब्द घरात काढू नये. ‘अभ्यास’ चालणार नाही, कारण त्याच कारणावर लॅपटॉप आलेला असतो आणि एक कारण दोनदा वटत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या उमरी, भोकर, धर्माबाद या पट्ट्यात सर्वांत मजबूत कारण म्हणजे लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग. ते अगदीच खोटेही नाही. दाविंची रिझॉल्व्हसारखा प्रोग्राम रंग दुरुस्त करण्याचे काम ग्राफिक कार्डाकडूनच करून घेतो, आणि नवरीचा शालू व मंडपातल्या जांभळ्या-हिरव्या लाईटी यांचा तंटा सोडवायला चांगले कार्ड लागतेच. घरी अण्णा विचारतील, “मग त्या फोटोवाल्याकडं कुठाय असलं डबडं?” त्यावर “म्हणून तर त्याला व्हिडिओ द्यायला सहा सहा महिने लागायलेत” एवढे बोलून उठावे. तिथे थांबू नये.

पैशाचे. उमरीला निधी उभारण्याचा इतिहास मोठा आहे. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी इथली बँकच लुटली होती. मात्र त्यांच्यापुढे निजामाची राजवट उलथण्याचे काम होते. ग्राफिक कार्ड हे त्या तोडीचे कारण मानण्याइतका समाज अजून पुढे गेलेला नाही, तेव्हा सोयाबीनची पट्टी येईपर्यंत वाट पाहावी.

आता लॅपटॉप उलटा करून, आणि मग सुलटा करून, नीट पाहावा. कडेला टाइप-सी पोर्ट असेल आणि त्याच्याशेजारी विजेचे छोटे चिन्ह असेल तर आपण भाग्यवान, तो थंडरबोल्ट. नुसता टाइप-सी असेल तर सहसा तो मोबाईल चार्ज करायला ठेवावा. दोन्ही दिसायला सारखेच असतात, आणि दुकानदार दोन्हींना “हौ, चालतंय की” म्हणतो. थंडरबोल्टवाल्यांसाठी तयार पेट्या मिळतात. रेझर कंपनीची कोअर एक्स नावाची पेटी २०१८ मध्ये २९९ डॉलरला आली होती: आत ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, वजन सहा किलोंच्या वर, आणि कार्ड वेगळे विकत घ्यायचे. मॅकवाल्यांना अॅपलने त्याच वर्षी ही सोय अधिकृतपणे दिली आणि पुढे स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये ती ठेवली नाही. मॅक घेऊन उमरीत कोणी हा लेख वाचत असेल तर त्याने तो पुरवणीसह खाली ठेवावा.

चिन्ह नसेल, म्हणजे बहुतेकांचे नसेलच, तर मागचे झाकण उघडावे. आत एसएसडी बसवलेली एक खाच असते, एम डॉट टू नावाची. एसएसडी काढावी आणि तिथे चायनाची एक पट्टी बसवावी. त्या पट्टीतून चपटी केबल निघून बाहेरच्या पाळण्यात जाते आणि पाळण्यात कार्ड उभे राहते. एसएसडी काढल्यावर विंडोज कुठे ठेवायचे, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एक साटा एसएसडी घ्यावी. ती जागाही नसेल तर वायफाय कार्ड काढून त्याच्या खाचेतून केबल काढावी, आणि नेटसाठी मोबाईल यूएसबीने जोडून ठेवावा. काही नव्या लॅपटॉपांत वायफायच्या खाचेत ग्राफिक कार्डाला लागणारी लाईनच दिलेली नसते. पट्टी मागवण्याआधी आपल्या मॉडेलचे पाहून घ्यावे, कारण चायनाला परत पाठवणे हे अण्णांना समजावण्यापेक्षा अवघड आहे. झाकण आता पुन्हा पूर्ण बसत नाही. स्क्रू एखाद्या बाटलीच्या झाकणात जमा करून देवघराच्या फळीवर ठेवावेत. तिथली वस्तू घरात कोणी हलवत नाही.

इथे एक गोष्ट उमरीकराला पुणेकरापेक्षा लवकर कळावी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडपर्यंत जी रेल्वे टाकली, ती मीटरगेज: दोन रुळांत बरोबर एक मीटर. मनमाडला मुंबईची लाईन ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. आपल्याकडचा कापूस कितीही उत्तम असो, मनमाडला हमालांनी तो एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरल्याशिवाय मुंबईकडे हलत नसे. ग्राफिक कार्डाच्या बुडाशी सोनेरी दातांची पट्टी असते, तिच्यात सोळा लेन. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत एक लेन सेकंदाला सुमारे एक गिगाबाइट माल नेते, म्हणजे डेस्कटॉपात सोळा. एसएसडीच्या खाचेत चारच लेन. थंडरबोल्ट ३ वर ४० गिगाबिट छापलेले असले तरी त्यातले कार्डाच्या वाट्याला साधारण २२ येतात, म्हणजे सेकंदाला तीन गिगाबाइटही नाहीत. वायफायच्या खाचेत लेन एक. तेव्हा कार्ड कितीही जबर आणा, मधे मनमाड आहे. सर्वांत महागडे कार्ड घेऊन ते चार लेनांवर चालवणारा माणूस मी पाहिलेला आहे. त्याचे कार्ड बराच वेळ मालाची वाट पाहत बसलेले असे आणि तो ते थंड राहते म्हणून कौतुक सांगत असे. मध्यम कार्ड घ्यावे.

आणि वेगळा मॉनिटर घेऊन त्याची वायर थेट कार्डाला लावावी. लॅपटॉपच्याच पडद्यावर बघायचे म्हटले की कार्डाने काढलेले प्रत्येक चित्र पुन्हा मनमाडवरून परत येते, आणि आधीच कमी असलेला वेग आणखी पडतो. मॉनिटरचा खर्च आधीच्या हिशेबात धरला नव्हता हे घरी लक्षात येईल. तेव्हा लग्नसराई जवळ आल्याचे सांगावे.

कार्ड नवे की सेकंडहँड? सेकंडहँड. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी नाण्याने आपली पद्धत बदलली आणि जगभर रात्रंदिवस नाणी खणत बसलेली कार्डे एका दिवसात बेकार झाली. त्यांतली पुष्कळशी बाजारात उतरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कोणीही विचारले तरी उत्तर एकच मिळते: “मायनिंगचं नाही भाऊ, घरच्या पोराने गेमिंगला वापरलंय.” एवढी गेम खेळणारी पोरे महाराष्ट्रात असती तर दहावीचा निकाल असा लागला नसता. पंखा बोटाने हलवून पाहावा. डगमगत असेल तर ठेवून द्यावे. स्क्रूच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे असतील तर ते आधी उघडलेले आहे. आरएक्स ५८० म्हणून देत असतील तर २३०४ शेडर असल्याची खात्री करावी. २०४८ वालेही त्याच नावाने फिरते, पण ते आतून ५७० च असते. याहून मोठी गंमत म्हणजे दहा वर्षांचे जुने कार्ड बायोस बदलून नवे म्हणून विकतात. जीपीयू-झेड नावाचा फुकटचा प्रोग्राम अशा बऱ्याच बनावट एनव्हिडिया कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असे सरळ लिहून दाखवतो. तो दुकानातच चालवावा. टेस्टिंग वॉरंटी सात दिवसांची मिळते, आणि देवगिरी एक्स्प्रेसने गावी येऊन, झोपून, उठून, सगळे जोडेपर्यंत तिच्यातले किती उरतात ते ज्याचे त्याने मोजावे.

आता एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. लॅपटॉपचा चार्जर कार्डाला पुरत नाही. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात, सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात. जीटीएक्स १०५० टीआय ७५ मध्ये भागवते आणि म्हणून उमरीसारख्या ठिकाणी तेच सर्वांत संस्कारी कार्ड होय. शंभर रुपयांच्या कन्व्हर्टरने हार्डडिस्कच्या वायरीतून कार्डाला वीज देऊ नये. त्या वायरी एवढ्यासाठी केलेल्या नसतात आणि वितळतात. लोकल एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेले असते. लिहिणाऱ्याचा हात कोणी धरला आहे? मदरबोर्डाशिवाय एसएमपीएस चालू करायला चोवीस पिनांच्या जाड कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला जोडावी लागते. काही पाळण्यांत ती सोय असते, नसेल तर वाकवलेली पेपरक्लिप घालतात. ही क्लिप घालताना स्वयंपाकघरातून दिसणार नाही असे बसावे.

त्याही आधी अर्थिंग. एसएमपीएसच्या पत्र्याला टेस्टर लावावा. दिवा पेटला, किंवा हात लागल्यावर बारीक मुंग्या आल्या, तर घराला अर्थिंग नाही किंवा आहे ती कोरडी पडली आहे. वायरमनला बोलावावे. तो मीठ-कोळशाचा खड्डा म्हणेल आणि कुदळ मागेल. लॅपटॉपच्या ग्राफिक कार्डासाठी अंगणात खड्डा खणला जातो तेव्हा गल्लीतले लोक येऊन उभे राहतातच. “काय करायलाव, बोअर घ्यायलाव का?” या प्रश्नाला मान हलवावी; खरे उत्तर लांबेल. मे महिन्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकणे हे आता आपले काम. झाडांना नाही मिळाले तरी चालेल.

चालू करण्याचा क्रम: आधी एसएमपीएस, मग लॅपटॉप. उलट करू नये. विंडोज आल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण दिसेल. कोड १२ असेल तर संगणक म्हणतो की या उपकरणासाठी पुरेशी मोकळी साधने उपलब्ध नाहीत. या उत्तराची आपल्याला सवय असते, घाबरू नये. लॅपटॉपने आपल्या पत्त्यांची सगळी जागा आधीच वाटून टाकलेली असते. बायोसमधून किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून नको ते डिसेबल केले की कधीकधी जागा निघते. कोड ४३ असेल तर जुना ड्रायव्हर डीडीयू नावाच्या प्रोग्रामने मुळासकट काढून नवा टाकावा. कोणताच कोड नसेल आणि कार्डही दिसत नसेल तर बहुधा केबल नीट लागलेली नाही.

हे सगळे जुळून आले, पंखा फिरला, मॉनिटरवर चित्र आले, की लाईट जाते.

लॅपटॉप या वस्तूचा उमरीतला मुख्य गुण हा की लाईट गेली तरी तो चालतो. याच गुणावर तो पुण्यातल्या मावसभावाच्या भारी डेस्कटॉपपेक्षा श्रेष्ठ होता. कार्ड जोडल्यावर लॅपटॉप बॅटरीवर जागा राहतो, कार्ड मात्र जागच्या जागी मरते, आणि चार लेनांच्या टोकाला एकाएकी कोणीच नाही हे पाहून विंडोज निळे होते. उपाय इन्व्हर्टर. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाकावा, म्हणजे बदलाला वेळ कमी लागतो. स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसएमपीएस गुरगुरेल. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कार्ड, मॉनिटर आणि दोन पंखे रात्रभर चालत नाहीत. मग मे महिन्याच्या रात्री दोन वाजता अंधारातून आईचा आवाज येतो, “ते तुझं बंद कर, नायतर पंखा बंद कर.” आजी जागी असेल तर ती मच्छरांचाही हिशेब सांगते. याला तांत्रिक उपाय उपलब्ध नाही.

देखभालीचे थोडक्यात. कार्ड उघड्यावर असल्याने धूळ बसतेच, पण आपल्याकडे जिनिंग सुरू झाल्यावर हवेत कापसाचे तंतू असतात. ते हीटसिंकच्या पात्यांत असे बसतात की फुंकर मारून निघत नाहीत. चिमट्याने ओढले तर पूर्ण लादी निघते, राखाडी, चौकोनी, मऊ. जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीतली कार्डे ८३ अंशांच्या आसपास गेली की स्वतःचा वेग उतरवू लागतात, आणि मे महिन्यात बाहेरच ४३ असते. कापसाच्या दिवसांत महिन्यातून एकदा ब्लोअर मारावा. ब्लोअर गॅरेजवाल्याकडे असतो. कार्ड पिशवीतून न्यावे.

जुलै संपत आला की शेजारचे काका पीकविम्याचा फॉर्म भरून मागायला येतील. कागद त्यांच्या घरी असतात. “लॅपटॉप घेऊनच चल की जरा, पाच मिनटाचं काम हाय.” चालू लॅपटॉपमधून पट्टी कदापि ओढू नये, खाचेसकट जाते. आधी विंडोज शट डाऊन, मग एसएमपीएस बंद, मग कार्डाची वीज, मग केबल, मग लॅपटॉप उचलून झाकण दाबून धरायचे आणि देवघराच्या फळीवरचे स्क्रू शोधायचे. काका दारात उभे असतात. दुसरा स्क्रू बसेपर्यंत ते म्हणतात, “राहू दे बाबा. मोबाईलवर भर की.” वायफायची खाच वापरलेली असेल तर मोबाईल यूएसबीने लॅपटॉपलाच लावलेला सापडेल. तो मात्र केव्हाही, कोणताही क्रम न पाळता, ओढून काढता येतो.