वजनदार निमित्त

जाम गावच्या चौफुलीवरून नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर अशा वाटा फुटतात; गुण अडकलेल्या नेमबाजाला मात्र एकच वाट दिसते, जड पिस्तूल घेण्याची. त्यामागे शास्त्र आहेच. जड वस्तू हलायला वेळ घेते, म्हणून हाताची थरथर नळीच्या टोकाशी थोडी मंदावते. पण हाच न्याय शेवटपर्यंत ताणला, तर जागतिक विक्रम खलबत्त्याच्या नावावर असता. आंतरराष्ट्रीय नियमांनी १० मीटर एअर पिस्तुलाला १५०० ग्रॅमची मर्यादा घातली आहे. आणि ते एका हाताने, कसलाही आधार न घेता, ७५ मिनिटांत ६० नेमांसाठी उचलायचं असतं. पहिल्या दहा नेमांना दिलेली स्थिरता हे वजन शेवटच्या दहांत खांद्याकडून सव्याज वसूल करतं.

कोणी म्हणेल, मोठे खेळाडू भारी साधनंच वापरतात. वापरतात, पण आधी खांदा कमावतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलात. तिथली कमाल मर्यादा तर १४०० ग्रॅमच. मग प्रयोगही करू नये का? जरूर करावा, आहे त्याच पिस्तुलाला छोटी जोडवजनं लावून, महिनाभर, रोजचे गुण वहीत मांडून. धोका एवढाच, की ती वही सरावाचे तास विचारेल, आणि त्यांचं नवं मॉडेल अजून बाजारात आलेलं नाही.