अवकाळीला न जुमानणारे पीक

मराठवाड्यात दुष्काळ पडो, नाशकात गारपीट होवो, देवगडला हापूसचा मोहोर गळून जावो. एका खास वाणाच्या शेतकऱ्याला दरवर्षी 4 लाख 98 हजारांचेच उत्पन्न येते. हा वाण शहरात वाढतो, तिथेच धंदा करतो. मुळशीकडे किंवा कर्जतकडे त्याचे ‘थोडेसे रान’ असते. रानात पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि कुंपणाला लागून सात कलमे.

शेतीचे उत्पन्न करमुक्त. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने सवलतींच्या पंगतीत पहिला पाट त्यालाच मांडला. पण आकडा 5 लाखांवर गेला, की विवरणपत्र चौकश्या करू लागते: जिल्हा कोणता, पिनकोड काय, किती एकर, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत? म्हणून 4 लाख 98 हजार. कृषी विद्यापीठांनी खरे तर या कलमांचा अभ्यास करायला हवा. पाऊसपाणी चांगले झाले तर ती हात आखडता घेतात, नाही झाले तर जोर लावतात, आणि 4 लाख 98 हजारांची शेवटची पेटी भरली की उरलेला आंबा झाडावरच कैरी होऊन बसतो. सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढले की तिलाही 4 लाख 98 हजार. मुलगा सज्ञान झाला की त्यालाही तेवढेच. कलमे सातच. फवारणी नाही, राखण नाही, वर्षातून एकदा सीए येऊन मोहोर मोजून जातो. शहरातल्या धंद्यातला बिनपावतीचा पैसा या रानात शिरतो आणि आंबा होऊन बाहेर पडतो.

या सवलतीला हात लावायचे नुसते कुणी म्हणाले, की बळीराजाच्या नावाने पहिला गळा हेच काढतात. अहो, ज्याचा कांदा विकून हमाली आणि गाडीभाडे सुटत नाही, त्याला प्राप्तिकर माफ करून तुम्ही दिलेत काय? कर लागायला आधी उत्पन्न लागते! तो खताच्या पोत्यावर गुपचूप जीएसटी भरतो आणि त्याच्या नावाची सूट हे खातात. दिल्ली म्हणते, शेतीवरचा कर हा घटनेनुसार राज्यांचा विषय. राज्ये म्हणतात, निवडणूक जवळ आली आहे. ती कायमच जवळ आलेली असते.

आणि इकडे आमच्या निवृत्त मास्तरांच्या मुदत ठेवीच्या व्याजातून बँकेने परस्पर टीडीएस कापला, का तर फॉर्म द्यायचा राहिला. व्याज बागायती होते की जिरायती, हे त्यांना कुणीही विचारले नाही.